डिस्पोजलची जीप पातलीपाड्याच्या पुलावर दम सोडते, मदत हवी

नौपाड्याचा बंड्या | शनिवार, रात्री १०:४८

मंडळी, नमस्कार. एरवी मी इथे फक्त वाचतो, पण आता डोकं चालेनासं झालंय म्हणून धागा काढतोय.

गाडी महिंद्राची सीजे-थ्री-बी, उंच बॉनेटवाली, पेट्रोल, हरिकेन इंजिन. बाबांनी १९८६ साली आर्मी डिस्पोजलमधून घेतली. हिरव्या रंगाखाली आणखी दोन हिरवे रंग आहेत. बाबांचे गुडघे गेल्यापासून, म्हणजे गेली दोन वर्षं, ती माझ्याकडे आहे.

दुखणं असं. सकाळी चोक ओढला की अर्ध्या सेल्फमध्ये चालू होते. नौपाड्यातून कॅडबरी नाका, माजिवडा, कापूरबावडीपर्यंत लोण्यासारखी चालते. पुढे घोडबंदर रोडला मानपाड्याच्या किंवा पातलीपाड्याच्या पुलावर चढताना आधी ओढत नाही, मग दोन-तीन गचके खाते आणि बंद. घरून निघाल्यापासून साधारण २० मिनिटं होतात. अर्धा तास थांबलं की पुन्हा चालू होते आणि घरी येते, जणू काही झालंच नाही.

आतापर्यंत प्लग, पॉइंट, कंडेन्सर नवे टाकले. कार्बोरेटर दोनदा साफ केला. इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचं किट टाकलं. तीन गॅरेज झाली, सात हजार गेले. एकाने सांगितलं कॉइल (प्लगला ठिणगीचा करंट देणारी), दुसऱ्याने सांगितलं हेड उघडावं लागेल. तिसरा म्हणाला, विकून टाका.

बाबांचं एकच, "टाकी फुल कर, चालेल." ४० लिटरची टाकी आहे, आजच्या भावात चार हजारांच्या वर जातात, म्हणून मी पाचशे-हजाराचंच टाकतो. आणि बंद पडते तेव्हा पेट्रोल असतंच की आत!

---

सोलेक्स | शनिवार, रात्री ११:२०

क्लासिक व्हेपर लॉक. मे महिना, ट्रॅफिक, तापलेलं इंजिन. पेट्रोलची नळी एक्झॉस्टजवळून जाते, आतलं पेट्रोल उकळून वाफ होते, आणि पंप वाफ ओढू शकत नाही. गार झालं की चालू. तुमचं वर्णन पुस्तकात छापण्यासारखं आहे.

उपाय : नळीला काचेच्या धाग्याची पट्टी गुंडाळा (पूर्वी ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळत), किंवा सरळ इलेक्ट्रिक पंप.

---

अॅव्हरेजकितीदेते | शनिवार, रात्री ११:३१

डिझेल इंजिन टाका. विषय संपला.

---

नौपाड्याचा बंड्या | शनिवार, रात्री ११:३४

डिझेल टाकलं तर बाबा मला घराबाहेर काढतील. विषय खरंच संपेल.

---

ऐरोलीची वैदेही | रविवार, सकाळी ७:५५

मी जीपवाली नाही, पण वडिलांची येझदी मीच सांभाळते, त्यामुळे कार्बोरेटरशी रोजची भांडणं आहेत. एक सांगा : बंद पडते त्या क्षणी पेट्रोल संपलेलं असतं की करंट गेलेला असतो? हे ठरल्याशिवाय एकही पार्ट घेऊ नका. गरम झाल्यावर मरणारी कॉइल हुबेहूब हीच लक्षणं दाखवते.

पुढच्या वेळी बंद पडली की लगेच एअर क्लीनर काढा, कार्बोरेटरच्या घशात डोकावा आणि हाताने थ्रॉटल ओढा. आत पेट्रोलची पिचकारी उडाली तर कार्बोरेटरच्या वाटीत (जिथे पेट्रोल साठतं) पेट्रोल आहे, मग स्पार्क बघा. कोरडं असेल तर पेट्रोल पोचतच नाहीये. इंजिन चालू असताना डोकावू नका, बॅकफायर झाला तर भुवया जातात. माझी एक अजून पूर्ण आलेली नाही.

---

हवालदारमामा | रविवार, सकाळी ९:१०

वैदेहीताई बरोबर बोलल्या.

मी ईएमईमधून (लष्कराची गाड्या-यंत्रं दुरुस्त करणारी शाखा) निवृत्त. वर्कशॉपमध्ये जीप, जोंगा, शक्तिमान ट्रक सगळ्यांत हात काळे केलेत. या जीपला नावं ठेवणाऱ्यांसाठी : १९६५ ला असल उत्तरला अब्दुल हमीद यांची १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ जीपवरच बसवलेली होती. असो, भरकटतो मी.

सोलेक्सभाऊ, व्हेपर लॉक मी नाकारत नाही, पण तो फार स्वस्त शब्द आहे. उन्हाळ्यात जीप बंद पडली की नवा पोरगा "व्हेपर लॉक" म्हणायचा आणि सावलीत बसायचा. आमचे उस्ताद त्याला म्हणायचे, टाकीपासून चालत ये. टाकीचं झाकण, आतली नळी, चेसिसवरची नळी, रबरी होज, पंपाची काचेची वाटी, पंप, कार्बोरेटरची सुई. पेट्रोल ज्या वाटेने येतं त्याच वाटेने आपण यायचं, आणि प्रत्येक नाक्यावर विचारायचं, इथवर आलास का?

बंड्याभाऊ, पहिला नाका झाकण. टाकीत हवा जायला झाकणाला बारीक वाट लागते. ती बुजली तर पेट्रोल निघतं तसतशी आत पोकळी होते आणि शेवटी पंपाला ओढवत नाही. बंद पडल्यावर झाकण उघडा. फुस्स असा आवाज आला तर चोर सापडला. तुमची टाकी ड्रायव्हरच्या सीटखालीच आहे, फार लांब जायचं नाही.

---

नौपाड्याचा बंड्या | रविवार, दुपारी २:१५

सापडलं!!

झाकण मूळचं नाहीच. गेल्या वर्षी हरवलं तेव्हा एका दुकानातून बिनभोकाचं घेतलं होतं. आज सकाळी पंपावर टाकी फुल केली (एकदाचे बाबा खूश), झाकण सैल ठेवून त्यावर फडकं बांधलं आणि थेट गायमुखच्या घाटापर्यंत जाऊन आलो. एक गचका नाही. बाबा शेजारी बसून जुन्या गोष्टी सांगत होते. येताना उपवनला चहा प्यायलो.

हवालदारमामा, तुम्हाला माझा सलाम. धागा बंद करायला हरकत नाही.

---

सोलेक्स | रविवार, दुपारी २:४०

अभिनंदन. पण उघड्या टाकीने फिरू नका हो. फडकं म्हणजे वात झाली. हवा घेणारं झाकण कुर्ल्याला मिळेल.

---

नौपाड्याचा बंड्या | गुरुवार, रात्री ९:०५

धागा पुन्हा वर आणतोय. मान खाली घालून.

रविवारनंतर ऑफिसला दोन दिवस जीपनेच गेलो. मंगळवारी कुर्ल्याहून हवा घेणारं झाकण आणलं. आज संध्याकाळी पातलीपाडा, तोच पूल, तोच खांब. मागे बस, तिच्या मागे अख्खं ठाणे. झाकण उघडलं, फुस्स वगैरे काही नाही. वैदेहीताईंनी सांगितल्याप्रमाणे एअर क्लीनर काढून थ्रॉटल ओढलं. कोरडं ठाक. म्हणजे पेट्रोलच येत नाही एवढं नक्की.

पंपाला हाताने प्रायमिंग करायची छोटी दांडी आहे. ती ३०-४० वेळा मारली तेव्हा कार्बोरेटरची वाटी भरली आणि चालू झाली.

---

सोलेक्स | गुरुवार, रात्री ९:२२

मी म्हटलं होतं. व्हेपर लॉक. इलेक्ट्रिक पंप बसवा, पण इंजेक्शनच्या गाडीचा नको, तो ४० पीएसआयच्या आसपास दाब देतो. कार्बोरेटरची सुई दोन-तीन पीएसआयची सवयीची. तो लावलात तर वाटी ओसंडून पेट्रोल गरम मॅनिफोल्डवर.

---

रसायनी वाशी | गुरुवार, रात्री १०:१०

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. गाड्यांतलं कळत नाही, पण पेट्रोलचं थोडं कळतं.

२०२३ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं. इथेनॉलला पाण्याची ओढ असते, आणि ठाण्याच्या हवेत पाण्याला तोटा नाही. पाणी एका मर्यादेपलीकडे मुरलं की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली वेगळा थर धरतात, आणि टाकीतली नळी नेमकी तळातूनच ओढते. शिवाय जुन्या रबराला इथेनॉल फुगवतं, मऊ करतं. टाकीच्या भिंतीवर वर्षानुवर्षं बसलेला गंज आणि गोंदासारखा थर सुटा करतं तो वेगळाच.

घरी बघायचं असेल तर मोजपात्रात १०० मिली पेट्रोल घ्या, १० मिली पाणी घाला, बूच लावून हलवा, थांबा. खालचा थर १० न राहता ३०च्या जवळ गेला तर वाढलेलं ते इथेनॉल. स्वयंपाकघरात करू नका, गॅस चालू असतो. माझ्याच एका विद्यार्थ्याने हे करायचं ठरवलं होतं, म्हणून सांगते.

---

गॅरेजभाऊ कळवा | गुरुवार, रात्री ११:०२

मॅडम बरोबर. माझ्याकडे गेल्या वर्षभरात तीन जीप आल्या, तिन्हीत रबरी होज बाहेरून नवी कोरी आणि आतून सोललेली. आतला पापुद्रा सुटून झडपेसारखा आडवा होतो. हळू चालवलं तर पेट्रोल येतं, जोरात ओढलं की पापुद्रा भोक बंद करतो. होज बदलताना त्यावर "जे३० आर९" छापलेलं बघून घ्या, ती तग धरते. मीटरवर मिळणारी काळी नळी पाण्याच्या मोटारीला बरी.

आणि बंड्याभाऊ, किट टाकलं म्हणालात. पंपाखालची पॅकिंग जाड तर नाही ना टाकली? पंपाचा दांडा कॅमशाफ्टवरून चालतो. पॅकिंग जाड झालं की दांड्याची धाव कमी होते.

---

ऐरोलीची वैदेही | शुक्रवार, सकाळी ६:४८

मला ते "२० मिनिटं" खटकतंय. गाडीत घड्याळ नाही, तिला २० मिनिटं कशी कळणार?

हिशेब करा. ८ चं अॅव्हरेज धरलं तर ४० च्या स्पीडला तासाला ५ लिटर, म्हणजे मिनिटाला ८० ते ८५ मिली. एक कटिंग चहा. माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये तुम्ही त्याच्या निम्मंही पीत नाही. कापूरबावडी सुटलं, रस्ता मोकळा झाला, तुम्ही पाय दाबला आणि पुढे चढ आला की हीच मागणी दुप्पट-तिप्पट होते. पंपातून मिनिटाला समजा ६० मिलीच येत असेल तर शहरात काहीच कळणार नाही. मोकळ्या रस्त्यावर कार्बोरेटरची वाटी हळूहळू रिकामी होईल आणि पुलावर संपेल.

थोडक्यात, गाडी तापल्यामुळे बंद पडत नसेल. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता म्हणून पडत असेल.

---

हवालदारमामा | शुक्रवार, सकाळी ८:३०

ताई, तुम्ही आमच्या वर्कशॉपला हव्या होतात.

बंड्याभाऊ, आता एकच प्रश्न, नीट आठवून सांगा. रविवारी टाकी फुल होती. काल बंद पडली तेव्हा आत किती होतं?

---

नौपाड्याचा बंड्या | शुक्रवार, दुपारी १:०५

गेज बंद आहे. बाबांची बांबूची एक काठी सीटमागे असते, ती टाकीत बुडवून बघतो. तिच्यावर चाकूच्या खाचा आहेत आणि मध्ये एके ठिकाणी आईच्या नेलपॉलिशची लाल खूण. काल घरी आल्यावर बुडवली तर लाल खुणेच्या बोटभर खाली ओलं होतं. साधारण निम्म्याहून जरा कमी.

पण मामा, निम्मी टाकी म्हणजे १८-१९ लिटर. बंद का पडावी?

---

हवालदारमामा | शुक्रवार, दुपारी १:४०

आणि त्याआधी ज्या ज्या वेळी बंद पडली तेव्हा? तुम्ही टाकी फुल करत नाही म्हणालात. पाचशे-हजाराचं टाकता. म्हणजे टाकी कायम निम्म्याच्या खालीच.

मला चोर दिसायला लागलाय, पण गेल्या वेळी घाई केली आणि झाकणाला फाशी दिली. या वेळी पुरावा घेऊ.

बाजारातून पारदर्शक नळी आणा, वीतभर पुरे. पंपाच्या अलीकडे, टाकीकडून येणारी नळी जिथे पंपाला लागते तिथे मध्ये जोडा. इंजिन चालू करून थ्रॉटल वाढवा आणि नळीत बुडबुडे दिसतात का बघा. दिसले तर तोच तुकडा टाकीच्या तोंडाशी (नळी टाकीबाहेर येते तिथे) लावा. तिथेही बुडबुडे असतील तर दोष टाकीच्या आत. तिथे नसतील तर मधल्या पाइपात किंवा जॉइंटला. ही नळी फक्त तपासणीपुरती, पेट्रोलने दोन-चार आठवड्यांत लाकडासारखी कडक होते.

लोक इथेच फसतात. पंपाच्या पलीकडे भोक असेल तर पेट्रोल बाहेर गळतं, वास येतो, डाग दिसतो. पंपाच्या अलीकडे भोक असेल तर नळी ओढत असते, बाहेर टाकत नाही. एक थेंब गळणार नाही, आत हवा जाईल. सगळे जॉइंट कोरडे बघून मेकॅनिक म्हणतो, लाइन ओके.

---

सोलेक्स | शुक्रवार, दुपारी २:१०

बुडबुडे व्हेपर लॉकमध्येही दिसतात, मामा.

---

हवालदारमामा | शुक्रवार, दुपारी २:१८

दिसतात. म्हणून सकाळी थंड इंजिनावर बघायचं. थंड्यात पेट्रोल उकळत नाही.

---

अॅव्हरेजकितीदेते | शुक्रवार, दुपारी ३:००

गाडी ५० वर्षांहून जुनी असेल तर व्हिंटेज नोंदणीचं बघा, २०२१ च्या नियमांत सोय आहे, नंबरात व्हीए येतं. फक्त मग रोज ऑफिसला नेता येणार नाही. (डिझेल इंजिन टाकायचं म्हणणं मागे घेतो. धागा रंगलाय.)

---

नौपाड्याचा बंड्या | शनिवार, सकाळी ९:५०

सहा वाजता सोसायटीच्या पार्किंगमध्ये. इंजिन रात्रभर गार. वॉचमन बॅटरी धरून उभा, बाबा प्लास्टिकच्या खुर्चीवर.

आयडलला अधूनमधून एखादा बुडबुडा. थ्रॉटल वाढवलं आणि नळीत अक्षरशः सोडा वॉटर. अर्धं पेट्रोल, अर्धी हवा. टाकीच्या तोंडाशी लावलं, तिथेही तेच.

मग गच्चीवरून पाच लिटरचा कॅन आणला, त्यात टाकीतून काढलेलं पेट्रोल भरलं आणि पंपाची नळी थेट कॅनमध्ये सोडली. एक बुडबुडा नाही! कॅन फूटवेलमध्ये (पाय ठेवायच्या जागेत) दोरीने बांधून रिकाम्या रस्त्याने पाय दाबून उपवन, तिथून येऊरच्या चढाला वर गेटपर्यंत. (मामा, रागावू नका, पुतण्या अग्निशामक घेऊन मागे बसला होता.) जीप घोड्यासारखी चढली.

पंप निर्दोष, कार्बोरेटर निर्दोष. सात हजार रुपये मात्र दोषी.

---

हवालदारमामा | शनिवार, सकाळी १०:२०

रागावलोच आहे. कॅन फूटवेलमध्ये? पुन्हा नको.

टाकी काढा. टाकीत वरून उतरणारी नळी असणार, तिला मध्ये कुठेतरी गंजाने भोक पडलंय. पेट्रोल भोकाच्या वर असतं तोवर दोन्हीकडून पेट्रोलच येतं. पातळी भोकाखाली गेली की पंप वरून हवा आणि खालून पेट्रोल असा मसाला ओढतो. सावकाश चालवलं तर तेवढ्यात भागतं. आणि सोलेक्सभाऊ, इलेक्ट्रिक पंपाने त्याच भोकातून हवाच ओढली असती.

नळी निघत नसेल आणि टाकीला उष्णता द्यायची वेळ आली तर थांबा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, आत वाफ असते. धुऊन, पाण्याने काठोकाठ भरून, आणि हे काम करणाऱ्याकडूनच.

---

सोलेक्स | शनिवार, सकाळी १०:३५

मान्य. माझा व्हेपर लॉक मी परत घेतो. जूनपर्यंत जपून ठेवतो.

---

नौपाड्याचा बंड्या | रविवार, संध्याकाळी ७:३०

सीट काढली, टाकीचे पट्टे सोडले, टाकी बाहेर. नळी वरच्या पितळी नटासकट आटे फिरवून निघाली, देवाची कृपा. टाकीला आग लावायची वेळच आली नाही. तळातून मूठभर गंज आणि १९८० च्या दशकातलं असावं असं एक वॉशर निघालं.

नळी वरपासून मध्यापर्यंत ठीक दिसत होती. कापडाने पुसली तेव्हा साबुदाण्याएवढं भोक दिसलं. त्याच्या आसपास पत्रा इतका पातळ की नख लावलं तर आत गेलं. कळव्याच्या गॅरेजभाऊंनी तशीच नवी नळी त्याच नटाला ब्रेझिंग करून दिली, टाकीपासून लांब, टेबलावर. त्यांनीच होजही आर९ ची टाकली, आणि हो, जुनी आतून सोललेली होतीच. पंपाची पॅकिंग मात्र बरोबर निघाली. सगळे मिळून साडेनऊशे रुपये. मुद्दाम सात-आठ लिटरच पेट्रोल ठेवून घोडबंदरला गेलो, चारही पूल पार.

खरी गंमत पुढे आहे. जुनी नळी दाखवायला घरी नेली. बाबांनी ती हातात घेतली, उलटीपालटी केली आणि म्हणाले, काठी आण. काठी आणि नळी, दोन्हींची खालची टोकं जुळवून जमिनीवर ठेवली. भोक बरोबर लाल खुणेसमोर. बोटभरही फरक नाही.

मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"भोक नव्हतं माहीत," म्हणाले. "याच्या खाली गेली की चढावर रुसते एवढं माहीत होतं. म्हणून तर तुझ्या आईकडून नेलपॉलिश घेतलं. तुला किती वेळा सांगितलं, फुल कर."

---

ऐरोलीची वैदेही | रविवार, संध्याकाळी ७:४४

किती वर्षांपूर्वीची खूण आहे ती?

---

नौपाड्याचा बंड्या | रविवार, संध्याकाळी ७:५१

आईला विचारलं. ती म्हणते, तुझ्या बारावीच्या वर्षी. मी आता ४३ चा आहे.